शमीवरचे शस्त्र आणि घरातील रिव्हॉल्व्हर

आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो, आणि तिच्यामागोमाग विजयादशमीचा मंगल दिवस उजाडतो. सीमोल्लंघन, शमीपूजन, अपराजितापूजन आणि शस्त्रपूजन ही या सणाची चार अंगे होत. घरोघरी चौरंग मांडला जातो. शेतकरी त्यावर विळा, खुरपे आणि नांगराचा फाळ ठेवतो. सुतार रंधा आणि पटाशी ठेवतो. विद्यार्थी पाटीवर सरस्वती रेखून पुस्तके ठेवतो. व्यापारी तराजू आणि वही ठेवतो. झेंडूची फुले वाहिली जातात, हळदकुंकू लावले जाते आणि ज्याच्या योगाने वर्षभर घराचे पोट भरले त्या साधनापुढे घरातील लहानथोर हात जोडतात.

आमच्या मराठवाड्यातील काही जुन्या घरांत मात्र या चौरंगावर आणखी एक वस्तू येते. कोठे ती वाडवडिलांची तलवार असते, कोठे ठासणीची बंदूक, तर कोठे कापडात गुंडाळलेले एखादे रिव्हॉल्व्हर. तलवारीचे पाते बोथट झालेले असते, ठासणीची बंदूक गंजलेली असते. परंतु रिव्हॉल्व्हरचे तसे नसते. ते वर्षातून एकदा कपाटातून निघते, पुसले जाते, पूजले जाते आणि पुन्हा कुलपात जाते. तथापि त्याची मारण्याची शक्ती जशीच्या तशी राहते. यास्तव ज्या घरी असे शस्त्र आहे त्या घरी आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच. हे ठेवावे की विकावे?

हा प्रश्न केवळ व्यवहाराचा असता तर सणाच्या या पानावर त्याचा विचार करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु जी वस्तू आपण देवासमोर ठेवतो तिच्याविषयीचा निर्णय हा धर्माचाही निर्णय असतो. धर्माबादेस आमच्या स्वतःच्या घरी हा निर्णय यंदा घ्यावा लागला. त्यामुळे या विषयाचा थोडा सविस्तर विचार वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

सीमेवरचे गाव आणि जुने भय

धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकावरचे गाव. रेल्वेने पुढले स्थानक बासर, आणि ते तेलंगणात. गोदाकाठच्या त्या ज्ञानसरस्वतीच्या क्षेत्री नवरात्रात आमच्या गावची मंडळी मुलांना अक्षराभ्यासासाठी घेऊन जातात. गावातील मिरचीचा बाजार दूरवर प्रसिद्ध. मोंढ्यात मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच सौद्यात ऐकू येतात. आपण दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देतो; पलीकडे शमीला जम्मी म्हणतात आणि तिचेच पान सोने म्हणून देतात. सीमेवरच्या आमच्या गावात दोन्ही सोन्यांना सारखाच मान आहे.

या भागाने निझामाची राजवट पाहिली आणि रझाकारांचा काळही पाहिला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातुरास वकिली करणारा. म्हणजे ते संकट आम्हांस दुरून आलेले नव्हते. ३० जानेवारी १९४८ रोजी आमच्या शेजारच्या उमरी गावी स्वातंत्र्यसैनिकांनी हैदराबाद स्टेट बँकेवर धाड घातली, ती मुक्तिलढ्यास द्रव्यबळ मिळावे म्हणून. त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. ज्यांनी ते दिवस अनुभवले त्यांच्या मनातून रात्रीच्या दार ठोठावण्याचे भय आयुष्यभर गेले नाही.

आमचे आजोबा, ज्यांना घरात सारे आबा म्हणत, त्याच पिढीचे. मोंढ्यात आमचे आडत दुकान होते. हंगामात शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे रोख पैसे घरी असत, आणि निजामाबादेहून वसुली घेऊन रात्रीच्या गाडीने परतावे लागे. आबांनी १९६८ साली रीतसर परवाना काढून बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट या कंपनीचे ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. १९८४ साली आबा निवर्तले, तेव्हा अर्ज करून परवाना वडिलांच्या नावे झाला. एवढ्या वर्षांत ते दोनदाच वाजले. एकदा घेताना तपासणीसाठी, आणि एकदा शेतावर रानडुकरांचा कळप पिटाळण्यासाठी. माणसावर ते कधी रोखले गेले नाही, ही ईश्वराची कृपाच म्हणावयाची.

आता काळ पालटला. आडतीचे पैसे बँकेतून जातात, लहानसहान देणी मोबाइलवरून चुकती होतात. रात्रीच्या गाडीने रोकड आणण्याचा प्रसंग गेल्या कित्येक वर्षांत आला नाही. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांचा हात कापतो आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही दृष्टी पूर्वीसारखी नाही. शस्त्र मात्र होते तसेच आहे. ज्या कार्यासाठी ते घरात आले ते कार्य संपले, जो हात ते पेलणार तो हात थकला, आणि तरीही ते घरात आहे.

सीतामाईची कथा

अशा वेळी आमच्या परंपरेत मार्गदर्शन शोधू गेल्यास ते आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट सापडते. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात एक प्रसंग आहे. प्रभू रामचंद्र सुतीक्ष्ण ऋषींच्या आश्रमातून धनुष्यबाण घेऊन दंडकारण्यात निघाले असता सीतामाईने त्यांस प्रेमाने आणि नम्रतेने एक जुनी कथा सांगितली.

एका पवित्र वनात एक सत्यनिष्ठ तपस्वी राहत होता. त्याच्या तपात विघ्न आणावे म्हणून इंद्र योद्ध्याचे रूप घेऊन आश्रमात आला आणि आपले खड्ग त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवून गेला. विश्वासाने दिलेली ठेव सांभाळली पाहिजे, म्हणून तो तपस्वी ते खड्ग क्षणभरही दूर करीना. कंदमुळे आणावयास जातानाही ते बरोबर नेऊ लागला. हळूहळू तपावरून त्याचे चित्त उडाले, वृत्ती क्रूर झाली आणि शेवटी तो अधोगतीस गेला. लाकडाला अग्नीचा सहवास, तसा शस्त्राचा सहवास मनुष्याच्या मनाला, असे सीतामाईचे म्हणणे.

या कथेतील सूक्ष्म मर्म असे की, तपस्व्याने कोणतेही दुष्कृत्य करण्याच्या हेतूने ते खड्ग घेतले नव्हते. त्याचा हेतू चांगलाच होता. तो केवळ ठेव सांभाळीत होता. आपल्या घरांतील शस्त्रेही अशीच असतात. आजोबांची निशाणी म्हणून, घराची अब्रू म्हणून, परंपरेची ठेव म्हणून आपण ती सांभाळतो. आणि सांभाळता सांभाळता घराच्या नकळत ती घराच्या मनावर राज्य करू लागतात.

रामचंद्रांनी सीतामाईचे बोलणे तुच्छतेने टाकून दिले नाही. तिच्या स्नेहाचा गौरव करून त्यांनी उत्तर दिले की, दंडकारण्यातील ऋषी राक्षसांच्या त्रासाने माझ्याकडे शरण आले आहेत आणि त्यांच्या रक्षणाचे वचन मी दिले आहे. क्षत्रिय धनुष्य धरतो तो कोणाही पीडिताचा आक्रोश उठू नये म्हणून. म्हणजे रामाजवळ शस्त्र ठेवण्यास कारण होते, आणि ते कारण स्वतःच्या भयाहून वा अभिमानाहून मोठे होते. सीतेचा प्रश्न आणि रामाचे उत्तर ही दोन्ही एकत्र घेतली म्हणजे शस्त्र बाळगणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा प्रश्न तयार होतो. या शस्त्रामागे आज कोणाच्या रक्षणाचे वचन उभे आहे? वचन असेल तर शस्त्र ठेवण्यात धर्म आहे. वचन नसेल तर ती केवळ इंद्राने ठेवलेली ठेव होय.

गांडीवाचा मोह आणि गांडीवाचा त्याग

दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो ती पांडवांच्या स्मरणाने. अज्ञातवासाच्या वर्षी विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी स्मशानाजवळच्या एका विशाल शमीवृक्षावर आपली शस्त्रे ठेवली. विराटपर्वातील त्या वर्णनात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, शस्त्रे ठेवण्यापूर्वी त्यांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या. दुसरी ही की, कोणी अजाण माणूस तिकडे फिरकू नये म्हणून त्यांनी झाडाला एक प्रेत बांधून ठेवले. ज्यांच्याएवढे शस्त्रनिपुण त्रिभुवनात नव्हते त्यांनी शस्त्र ठेवताना एवढी काळजी घेतली. आपण मात्र कपड्यांच्या कपाटात धोतरांच्या घडीखाली भरलेले रिव्हॉल्व्हर ठेवतो आणि किल्ली त्याच खणाच्या कोपऱ्यात टाकतो!

याच महाभारताच्या कर्णपर्वात आणखी एक प्रसंग आहे. कर्णाच्या बाणांनी जर्जर झालेला युधिष्ठिर संतापाच्या भरात अर्जुनास म्हणाला की, तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. असे जो म्हणेल त्याचा वध करीन अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा होती. त्याने ज्येष्ठ बंधूवर तलवार उपसली. भगवान श्रीकृष्ण मध्ये पडले म्हणून तो अनर्थ टळला. शस्त्र देऊन टाक या एका शब्दाने सख्ख्या भावाभावांत एवढे घडू शकते, तर सामान्य घरांत काय घडत असेल?

आमच्या घरीही या विषयाने थोडा ताप झालाच. पुण्यास असणारे आमचे धाकटे बंधू सुटीत आले असता म्हणाले, "बाबा, आता ते विकून टाकू या. कोणाला उपयोग आहे त्याचा?" वडील एकदम उभे राहिले आणि म्हणाले, "आबांची निशाणी आहे ती. मी गेल्यावर काय करायचे ते करा." त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यांचा राग आम्हांस समजत होता. विकावयाची ती वस्तू लोखंडाची असली तरी तिच्याशी त्यांच्या वडिलांचा धाक, तारुण्यातील रात्रीचे प्रवास आणि घराचा कर्तेपणा निगडित होता. शस्त्र टाका असे म्हणणे म्हणजे तुम्ही आता थकलात असे म्हणणे, असा त्यांनी अर्थ घेतला.

अशा प्रसंगी महाभारताचा शेवट वाचावा. यादवांचा संहार झाल्यावर द्वारकेतील स्त्रियांना घेऊन अर्जुन निघाला असता आभीरांनी वाटेत हल्ला केला. ते केवळ लाठ्या घेऊन आले होते. तरीही अर्जुनाला गांडीवाची दोरी मोठ्या कष्टाने चढविता आली, दिव्य अस्त्रे आठवेनात, अक्षय भाते रिते झाले. शस्त्र तेच होते. त्यामागील काळ संपला होता. पुढे महाप्रस्थानास निघताना पांडवांनी राज्य सोडले, वैभव सोडले. परंतु त्या रत्नासारख्या वस्तूच्या लोभाने अर्जुनाने गांडीव मात्र सोडले नव्हते, असे महाभारतकार स्पष्ट सांगतात. तेव्हा अग्निदेव वाटेत उभे राहिले आणि म्हणाले की, हे धनुष्य वरुणाकडून आणलेले आहे, त्याचे कार्य झाले, आता ते परत कर. अर्जुनाने ते धनुष्य आणि भाते पाण्यात सोडून दिले. त्यात त्याच्या पराक्रमाला कोणताही उणेपणा आला नाही. गांडीवधारी म्हणूनच आजही आपण त्याला ओळखतो.

कायद्याचा दंडक

आता व्यवहाराची बाजू पाहू. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम हे या विषयाचे आधार होत. अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती होऊन एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. लग्नात वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात, इतरांच्या जिवाला धोका होईल असा बार उडविणे हाही त्याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. दसऱ्यास बार काढण्याची हौस ज्यांना असेल त्यांनी हे ध्यानी धरावे.

परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रासाठी आहे हेही लिहिलेले असते. महाराष्ट्रापुरता परवाना असणाऱ्या आमच्या गावच्या माणसाने कमरेला रिव्हॉल्व्हर लावून बासरच्या दिशेने सीमोल्लंघन केले, तर तो सणही होत नाही आणि शौर्यही होत नाही. तो गुन्हा होतो.

पुढच्या पिढीस शस्त्र द्यावयाचे असल्यास मार्ग आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने पंचवीस वर्षे शस्त्र बाळगले, तर त्याने सुचविलेल्या वारसास स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. परवानाधारकाच्या मृत्यूनंतरही वारसास अर्ज करता येतो. परंतु शस्त्र हे घरादारासारखे आपोआप वारशाने येत नाही, ही गोष्ट अनेक घरांस ठाऊक नसते. परवानाधारक निवर्तल्यावर शस्त्र विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. वडिलांची आठवण म्हणून ते पेटीत ठेवून दर दसऱ्यास पूजणारा मुलगा आपल्या नकळत विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा करीत असतो. ज्या वस्तूने घराचे रक्षण व्हावयाचे तीच मग घरातील कर्त्या पुरुषास कोर्टाच्या पायरीवर उभी करते.

विक्री करावयाची तर ज्यास कायद्याने तसे शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे त्यासच ती करता येते. विकण्याचा हेतू जिल्हाधिकाऱ्यांस किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. परदेशी बंदुका सामान्य नागरिकांसाठी आयात होणे १९८० च्या दशकातच थांबले, त्यामुळे जुन्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरला गिऱ्हाईक मिळते. या मोहाने कागदपत्रांवाचून परस्पर व्यवहार करणाराही कोणी भेटतो. त्याच्या वाऱ्यास उभे राहू नये. आपल्या घरातून गेलेले शस्त्र उद्या कोणाच्या छातीवर रोखले जाईल याचे उत्तर आपणांस कायद्यासमोर आणि देवासमोर द्यावे लागेल.

तीन दसरे

कायदा समजला तरी आमच्या घरी खरी अडचण निराळीच होती. वडिलांचे म्हणणे असे की, चौरंगावरून ते काढले तर कुळाचार मोडेल. त्यांच्या या शंकेचे समाधान कोणा शास्त्रीबोवांनी केले नाही, आमच्या आईने केले. ती म्हणाली, "अहो, निवडणुकीच्या वर्षी ते ठाण्यात जमा असायचे, तेव्हा दसरा झालाच ना आपल्याकडे?"

आईचे म्हणणे आम्ही पडताळून पाहिले. २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही वर्षी विधानसभेच्या निवडणुकीचे मतदान ऑक्टोबरात झाले आणि विजयादशमी आचारसंहितेच्या काळात आली. त्या तिन्ही वेळी आदेशाप्रमाणे आमचे रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा होते. चौरंगावर तेव्हा तराजू होता, मापे होती, खतावणी होती. पूजा झाली, नैवेद्य झाला, सोने लुटले, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे झाले. घरातील कोणास काही उणे वाटल्याचे स्मरत नाही. आडत करणाऱ्याचे खरे आयुध तराजूच होय. त्यावरच आबांनी नाव मिळविले, रिव्हॉल्व्हरवर नव्हे.

मग आईने आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिने इतकी वर्षे कोणास सांगितली नव्हती. नातवंडे सुटीत आली की ती दररोज रात्री कपाटाची किल्ली निराळ्या जागी ठेवीत असे. आणि घरात कोणी फार दुःखी असेल, कोणाचा धंदा बुडाला असेल, कोणाचे परीक्षेत मन मोडले असेल, तर ती किल्ली उशाखाली घेऊन निजे. हे ऐकून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. घराला निर्भय करण्यासाठी आलेल्या वस्तूने घरातील एका जिवाला पन्नास वर्षे निश्चिंत झोप दिली नव्हती.

आईचे भय निराधार नव्हते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सुमारे २.६ कोटी प्रौढांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांजवळ पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर होते त्यांच्यात बंदुकीने आत्मघात करण्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या जवळजवळ आठपट आढळले. निराशेचा क्षण अनेकदा येतो आणि जातोही. परंतु हाताशी असे साधन असेल तर जाण्याइतका अवधी त्या क्षणास मिळत नाही. ज्या मराठवाड्यात कर्जाने आणि नापिकीने खचलेली घरे आपण डोळ्यांनी पाहतो, तेथे या गोष्टीचा विचार प्रत्येक कर्त्या माणसाने करावयास हवा.

शक्तीची दोन रूपे

याचा अर्थ ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे त्या सर्वांनी ते विकावे असे आम्हांस सुचवावयाचे नाही. गावापासून दूर एकाकी शेतावर राहणारा, ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे असा, किंवा ज्याची उपजीविकाच रक्षणाची आहे असा मनुष्य शस्त्र ठेवील तर ते योग्यच होय. त्याने ते रिकामे करून कुलपात ठेवावे, काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत, परवाना मुदतीत नवा करावा, हात आणि नजर शाबूत आहे तोवरच ते बाळगावे, आणि पुढे ते कोणी घ्यावयाचे हे जिवंतपणीच ठरवून कागदोपत्री करावे. पांडवांनी उतरविलेली दोरी आणि झाडाला बांधलेले प्रेत यांचे आजच्या काळातील रूप ते हेच.

ज्यास एवढे करणे शक्य नाही त्याने शस्त्र सोडण्यात कमीपणा मानू नये. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंहजींची शस्त्रे श्रद्धेने जतन केलेली आहेत. १७०८ साली गुरूंनी याच नगरीत देह ठेवला. त्या शस्त्रांचे भाविक आजही दर्शन घेतात, आणि दर्शनानेच कृतार्थ होतात. शस्त्राविषयीची भक्ती ते आपल्या कपाटात असण्यावर अवलंबून नाही, हे याहून अधिक स्पष्ट कसे सांगावे? ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादचा लढा चालविला त्यांच्या नावाने १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडास विद्यापीठ स्थापन झाले. आमच्या प्रदेशाने त्या लढ्याची आठवण अशी विद्येच्या रूपाने जपली आहे.

आमच्या मराठवाड्याच्या देवींकडेच पाहावे. तुळजापूरची भवानी अष्टभुजा आहे, तिच्या हाती आयुधे आहेत आणि पायाशी महिषासुर आहे. माहूरची रेणुकामाता केवळ मुखरूपाने पूजिली जाते. तेथे हातही दिसत नाहीत आणि आयुधेही दिसत नाहीत. तरीही तिच्या दर्शनाने येणारे अभय तुळजापुराहून कमी आहे असे कोणता भाविक म्हणेल? शक्ती आयुधातून प्रकटते, तशीच ती आयुधावाचूनही नांदते.

श्रावणात वडिलांनी स्वतः अर्ज लिहिला. मजकूर त्यांनीच केला, सही त्यांनीच केली, आणि ठाण्यात देण्यासही ते स्वतःच गेले. आम्ही केवळ सोबत होतो. मुदत संपल्यावर परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर विक्री झाली. आलेल्या रकमेतून आबांच्या नावे गावातील एका शाळेस पुस्तके द्यावीत, ही सूचनाही वडिलांचीच. ज्या दिवशी परवान्याचा कागद परत केला त्या दिवशी ते थोडे उदास होते. परंतु दुसऱ्या सकाळी त्यांनी माळ्यावरून आबांचा जुना पितळी तराजू काढवून घेतला आणि चिंच लावून स्वतः घासला. त्याची एक साखळी तुटलेली होती, ती त्यांनी कासाराकडून जोडून आणविली.

ज्यांच्या घरी असे शस्त्र आहे त्या बंधुभगिनींनी यंदा खंडेनवमीस ते चौरंगावर ठेवताना क्षणभर थांबावे. परवाना कोणाच्या नावे आहे, तो नवा केला आहे काय, किल्ली कोणाजवळ असते, आणि या शस्त्राने आज कोणाचे रक्षण व्हावयाचे आहे, हे घरातील सर्वांनी, विशेषतः घरातील स्त्रियांनी, एकत्र बसून बोलावे. उत्तर ठेवण्याकडे येवो वा सोडण्याकडे, ते भयाने वा अभिमानाने दिलेले नसावे. शमीच्या झाडाने पांडवांची शस्त्रे योग्य वेळ येईपर्यंत सांभाळली आणि वेळ येताच मालकांच्या हाती दिली. सांभाळणे आणि सोडणे हे दोन्ही धर्म तिला ठाऊक होते. तिची पूजा करणाऱ्या घरांसही ते ठाऊक असावेत, आणि येणारे वर्ष त्या घरांतील लहानथोरांस निर्भय जावे, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.